विंचवाचे बिऱ्हाड आणि आपले प्रवासवर्णन

पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेला वळला, की शिरढोण मागे पडते आणि थोड्याच वेळात झाडीच्या वर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. रस्ता अभयारण्याच्या मधूनच जातो. १९६८ साली राखीव झालेले हे जंगल तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये हद्द वाढवल्यावर ते बारा चौरस किलोमीटरच्या थोडे पुढे गेले. हिवाळा लागला की धोबी, माशीमार असे लहान पक्षी उत्तरेची थंडी टाळून येथे उतरतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत महामार्गावरून माणसांचेही थवे उबदार किनाऱ्याकडे निघतात. अलीकडे या थव्यांत अधूनमधून एक नवे वाहन दिसते. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत झोपायची सोय, लहानसा ओटा, फ्रीज, शौचकूप आणि पाण्याची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या गाड्यांसाठी आणि त्यांच्या मुक्कामाच्या ‘कॅरॅव्हॅन पार्क’साठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

वर्तमानपत्राच्या पर्यटन पुरवणीत शोभेल असा हा विषय साहित्यचर्चेत कशाला आणायचा, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे, की या चाकांवरच्या घराने मराठी समीक्षेने टाळलेला एक प्रश्न पुन्हा समोर आणून ठेवला आहे. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराविषयी बोलताना आपण मनात कोणता प्रवासी धरतो? ज्याचे घर एका जागी पक्के आहे, जो तेथून हौसेने निघतो, वाटेत ज्याला दारातून आत घेतले जाते आणि शेवटी जो परत येतो, असा. या चारांपैकी एखादी अट मोडली, की ते पुस्तक आपण दुसऱ्या कप्प्यात टाकतो. हे कप्पे किती न्याय्य आहेत, हे पाहायला कॅरॅव्हॅनइतके सोयीचे निमित्त दुसरे नाही.

हिवाळ्यात घर चाकांवर घालून उष्ण बेटांवर जाण्याची हौस मूळची अमेरिकेतली. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात बेटांची एक लांब माळ गेली आहे. १९१२ साली तिच्या शेवटच्या बेटापर्यंत, म्हणजे की वेस्टपर्यंत रेल्वे पोहोचली. १९३५ च्या चक्रीवादळाने ती मोडली, आणि तिच्याच उरलेल्या खांबांचा व पुलांचा आधार घेऊन १९३८ साली मोटारीचा रस्ता पुरा झाला. सुमारे ११३ मैलांच्या या रस्त्यावर बेचाळीस पूल आहेत. थंड प्रांतांतले हजारो लोक, बहुधा निवृत्त, दर हिवाळ्यात आपली चाकांवरची घरे घेऊन तेथे जातात. त्यांना तिकडे थट्टेने ‘हिमपक्षी’ म्हणतात. मला या साऱ्यात एक तपशील विशेष लक्षणीय वाटतो. त्या बेटांवर पत्ता सांगायचा तर लोक बेटाचे नाव सांगत नाहीत, मैलाच्या दगडाचा आकडा सांगतात. पुलांनी जोडलेले बेट रस्त्याचा एक टप्पा होते आणि त्याचे नाव हळूहळू वापरातून उतरते.

आपल्याकडे अशी बेटांची माळ नाही, असे नकाशा पाहून वाटेल. पण रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ पाहणाऱ्याला विचारा. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांनी ही जमीन कातरलेली आहे. दोन खाड्यांमधला प्रत्येक तुकडा त्या वाटसरूच्या दृष्टीने बेटच असतो. पलीकडचे गाव डोळ्यांसमोर, आणि रस्त्याने जायचे तर महामार्गापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर यायचे. म्हणून तरी, होडी, आणि आता मोटारींसकट माणसे नेणारी फेरीबोट. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ पासून चालू आहे. वेश्वी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ येथेही अशा बोटी आहेत. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून ज्याची चर्चा आहे, त्या सागरी महामार्गासाठी आता या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे काम शासनाने हाती घेतले आहे.

पुलांविषयी हळवे होण्याचे मला कारण दिसत नाही. रात्री बोट बंद असताना आजारी माणसाला घेऊन खाडीकाठी उभे राहावे लागलेल्या कुटुंबाला ‘वाट पाहण्यातले काव्य’ सांगायला जाणे हा निव्वळ उर्मटपणा होईल. माझा विचार पुलाचा नाही, त्यावरून जाणाऱ्या घराचा आहे. कॅरॅव्हॅनचे खरे आश्वासन कोणते? जाहिरातीत ते स्वातंत्र्य या नावाने येते: हवे तेथे थांबा, हवे तेव्हा निघा. जरा खरवडले तर त्याखाली दुसरेच वाक्य निघते. कुणाचेही पाहुणे होऊ नका. कुणाकडे पाणी मागू नका, कुणाच्या वेळेप्रमाणे जेवू नका, कुणाच्या ओसरीवर झोपू नका. गंमत अशी, की ज्या फार्सी शब्दावरून हे नाव आले त्या ‘कारवान’चा अर्थ सोबतीने चाललेला प्रवाशांचा मोठा जथा असा होता, त्याच्या मुक्कामाला सराई लागे आणि सराईत अनोळखी माणसांशी गाठ पडे. इंग्रजीतून फिरून आलेल्या शब्दात सोबतीच गळून गेले आणि उरली ती एकट्या कुटुंबाची गाडी.

प्रवासवर्णनाला मात्र हे पाहुणेपणच पोसत आले आहे. दूरचा दाखला कशाला हवा? कर्नाळ्याहून त्याच रस्त्याने पुढे पेण लागते, आणि पेण तालुक्यात वरसई. तेथला विष्णुभट गोडसे नावाचा तिशीतला भिक्षुक १८५७ साली घराचे कर्ज फिटावे म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात अडकला, लुटला गेला, जिवानिशी सुटला आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ मध्ये त्याने हे सारे लिहून काढले. वैद्यांनी संस्कार करून ते १९०७ साली छापले, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये आपल्या हाती आला. ‘माझा प्रवास’ इतके जिवंत का आहे, याची उत्तरे आपण सहसा इतिहासात शोधतो: लेखकाने झाशीची राणी पाहिली, कत्तल पाहिली. ते आहेच. पण या माणसाने ते पाहू शकावे याचे कारण असे, की रोज संध्याकाळी त्याला कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागत होते. अन्न कोण देईल, शिधा कसा मिळेल, दक्षिणा कोणत्या नाण्यात येईल, याची चिंता त्याला लोकांच्या घरात नेते. पुस्तकात स्वयंपाक, दर, देणी-घेणी, यजमानांचे स्वभाव यांची जी दाटी आहे ती शैलीचा डाव म्हणून आलेली नाही; परावलंबी माणसाची नजर अशीच चालते. त्याच शतकात पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. त्याही व्याख्याने देत, मदत गोळा करत, लोकांकडे उतरत फिरत होत्या.

पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गाने परदेश पाहिला आणि प्रवासवर्णनाला भरती आली. पु. ल. देशपांड्यांचे ‘अपूर्वाई’ १९६० चे, ‘पूर्वरंग’ १९६३ चे. जावा-बालीसारख्या उष्ण बेटांचा जो हिरवा, नाचरा मुलूख मराठी वाचकाच्या मनात आहे तो बराचसा ‘पूर्वरंग’ने उभा केलेला आहे. पु. ल. जगाकडे मराठी घराच्या खिडकीतून पाहतात, हे उघड आहे. त्यांच्या विनोदाचा उगमच तेथे आहे. ते त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून ती खिडकीही त्यांच्या थट्टेचा विषय होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी खिडकी तेवढी उचलली, थट्टा मागे ठेवली. पुढच्या दशकांत ढिगाने निघालेल्या प्रवासपुस्तकांत लेखक निघतो, पोहोचतो, स्वच्छता पाहून थक्क होतो, कुणा मराठी कुटुंबाकडे वरणभात जेवतो आणि परत येतो. अपवाद आहेत; पण त्या पुस्तकांतला सर्वसाधारण प्रवासी महाराष्ट्र सरकारच्या धोरणाच्या कितीतरी आधीपासून कॅरॅव्हॅनमध्ये बसलेला आहे. त्याचे घर त्याच्याबरोबर चालते, आणि बाहेरच्या माणसाला त्याच्या दारात यायला कारण उरत नाही.

येथवर युक्तिवाद सुरळीत जातो: पाहुणा व्हा, परावलंबी व्हा, मग चांगले लिहाल. पण वाटेत महाड लागते.

कर्नाळ्याहून निघालेला हाच महामार्ग महाडला जातो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तेथील चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, असे धनंजय कीरांनी आपल्या आंबेडकर चरित्रात नोंदवले आहे. पाणी बरोबर नेण्याचा अर्थ येथे एकदम बदलतो. गोडसे भटजींना उत्तर हिंदुस्थानभर जी दारे उघडली ती ब्राह्मणाला उघडली. त्यांचे परावलंबन खरे होते, संकटेही खरी होती. पण दार ठोठावण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारला नव्हता. ज्याला तो हक्कच नव्हता त्याला ‘पाहुणा हो’ असा सल्ला कुणी द्यावा?

या प्रश्नाचे उत्तर देणारे प्रवासलेखन आपल्याकडे आहे, पण प्रवासलेखन म्हणून आपण ते वाचत नाही. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे मूळ इंग्रजीत, १९३० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेले आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने निघालेले छोटे आत्मकथन. त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा आहे. सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीला असलेल्या वडिलांकडे सुट्टीत जाण्यासाठी मुले मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कुणी आलेले नसते. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार होतो, या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे आणि तो पायी चालणार. रात्र पडते. मुलांजवळ शिदोरी भरपूर असते, पण पाणी नसते, आणि पाणी कुणी देत नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करूनही मिळत नाही. भरल्या टोपलीशेजारी ती उपाशी झोपतात. प्रवासवर्णनात जे जे हवे ते सारे येथे आहे: निघणे, वाट, वाहन, अनोळखी माणसे, मुक्काम. तरीही वर्गात हा मजकूर ‘आत्मकथन’ किंवा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून येतो. नव्या कपड्यांत उत्साहाने निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वाटेत कळलेला मुलूख हे मराठी मुलखाचे वर्णन नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे.

अमेरिकेतही हेच घडत होते. फ्लोरिडाच्या बेटांकडे गोऱ्यांच्या मोटारी धावत होत्या त्याच काळात, १९३६ पासून पुढे तीसएक वर्षे, व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने सुरू केलेली ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका निघत होती. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, जेवण मिळेल, याची ती यादी. जेथे यादी संपे तेथे माणसे गाडीतच झोपत, डबा गाडीतच खात. बाहेरून पाहिले तर हीही चाकांवरची घरे. पण स्वतःहून लावून घेतलेले दार आणि तोंडावर लावलेले दार ही दोन वेगळी दारे आहेत, आणि दोन्हींमागे बसलेला माणूस सारखे लिहीत नाही.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण भाड्याची घरे बदलणाऱ्या नोकरदारासाठी हसत हसत वापरतो. ज्यांना ती शब्दशः लागू होती त्यांचे लेखन १९८० साली लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ने मराठीत आले. कैकाडी कुटुंब, गाढवांच्या पाठीवर लादलेला संसार, गावाबाहेरचा उकिरड्याकडेचा मुक्काम, टोपल्या विणणे, गावाने हाकलले की पुन्हा वाट. मला विचाराल तर चालत्या घराचे मराठीतले सर्वांत समर्थ पुस्तक हेच आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यावर वादळ उठले, प्रबंध झाले. पण प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याचा उल्लेख शोधून सापडणार नाही. कारण आपल्या व्याख्येप्रमाणे प्रवासाला परतण्याचे ठिकाण लागते, आणि ‘उपरा’तल्या माणसांना ते नाही. म्हणजे ज्यांचे सारे आयुष्य प्रवासात गेले त्यांचाच प्रवास वाङ्मयप्रकारात बसत नाही. व्याख्येचा याहून मोठा पराभव कोणता?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ‘उपरा’ला प्रवासवर्णन म्हटले तर त्यातली वेदना पर्यटनाच्या पातळीवर येईल, दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याने झगडून मिळवलेली स्वतंत्र ओळख पुसट होईल. मी ती ओळख काढून घ्या असे म्हणत नाही. उलट दिशेने पाहावे, एवढेच म्हणतो. ‘उपरा’ शेजारी ठेवले तर ‘उपरा’ला काही होत नाही, होते ते प्रवासवर्णनाला. ‘पूर्वरंग’ वाचताना मग विचारावे लागते, की या प्रवाशाला रात्री कुठे झोपायचे याची चिंता एकदाही का पडली नाही? पासपोर्ट, निमंत्रण, विद्वत्ता, जात, भाषा, यांतले काय त्याच्या खिशात होते? हा प्रश्न विचारल्याने पु. लं.चे पुस्तक लहान होत नाही, अधिक नीट दिसते.

शासनाच्या धोरणातही हाच विरोध उघडा पडला आहे, फक्त कुणाच्या ध्यानात येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींवर हजेरीचे आणि परवान्याचे बंधन घातले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावाबाहेर पाल ठोकलेले दिसले की पोलिसाला कळवायची सवय आपल्या गावांतून गेलेली नाही. आणि चालत्या घराला थांबायला जागा, वीज, पाणी आणि सुरक्षा मिळावी, हे तत्त्व त्याच राज्याने २०२१ मध्ये कागदावर मान्य केले आहे. घराला मोटार असली म्हणजे झाले.

जॉन स्टाइनबेकचा विषय येथे टाळता येत नाही, कारण चाकांवरच्या घरातून लिहिलेले जगातले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक त्याचे आहे. १९६० मध्ये तो मागे खोली बसवलेली गाडी आणि कुत्रा घेऊन अमेरिका पाहायला निघाला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ मध्ये आले. तो सगळ्या रात्री गाडीत झोपला नव्हता, आणि काही संवाद रचलेले वाटतात, हे पुढे पत्रकारांनी दाखवून दिले. मला तो वाद दुय्यम वाटतो. त्याने एक चांगली गोष्ट केली होती: भेटलेल्या माणसांना तो कॉफीला, मद्याला गाडीत बोलावी, म्हणजे पाहुणा होता आले नाही तेथे यजमान झाला. पण पुस्तकातली सर्वांत जळजळीत पाने न्यू ऑर्लिन्सची आहेत, जेथे एका लहानग्या काळ्या मुलीने गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवले म्हणून बायकांचा जमाव रोज सकाळी तिला शिव्या घालायला जमत होता. ते पाहायला जाताना स्टाइनबेकने आपले चाकांवरचे घर वाहनतळावर ठेवले आणि तो टॅक्सीने गेला.

आमच्या अभ्यासक्रमांत प्रवासवर्णनाचा एखादा घटक अजून टिकून आहे. बहुधा एक पुस्तक, त्याची ‘निवेदनशैली’, ‘स्थलवर्णन’, ‘व्यक्तिचित्रे’ आणि दहा गुणांचा प्रश्न. त्याजागी ‘माझा प्रवास’मधली झाशीची प्रकरणे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चा मराठी अनुवाद, ‘पूर्वरंग’ आणि ‘उपरा’ यांतले निवडक भाग एकत्र लावता येतील. एका सत्रात होण्यासारखे आहे. स्थलवर्णनाची टिपणे कमी निघतील, पण कोण कुणाच्या दारात उभा आहे याची बरीच निघतील. आणि वर्गाची सहल न्यायचीच असेल तर पनवेलहून एस.टी.ने, कर्नाळा, पेण, महाड करत दाभोळपर्यंत न्यावी. मुक्काम कुणाकडे होतो ते वाटेत पाहावे. खाडीवर पूल होईपर्यंत तेथे फेरीबोटीची वाट पाहावी लागते, आणि तेवढ्या वेळात धक्क्यावर एक तास सहज घेता येतो.